सीनखालची रेघ

८ जानेवारी १९३९, रविवार. सकाळी.

क्षमा. या वहीतली मागची नोंद ३ मार्च १९३७ ची आहे. म्हणजे बावीस महिने पाच दिवस मी वहीला तोंड दाखवले नाही. कारणे शोधून पाहिली. शाळेची तपासणी दोनदा झाली, थोरलीचे लग्न झाले, दौतीतली शाई वाळली. पण प्रामाणिकपणे पाहता ही कारणे पुरत नाहीत. तपासणी एकेका दिवसाची होती, लग्न चार दिवसांचे, आणि शाईत पाणी घालता येते. खरे कारण एकच : २ मार्च १९३७ नंतर लिहिण्याजोगे काही घडलेच नाही.

त्या दिवशी पुण्याची फिल्म कंपनी आमच्या गावाखाली, कयाधूच्या वळणावर शूटिंगला आली होती. डोहाशेजारच्या काळ्या शिळेवर मिस केतकी उभी राहिली. सबंध हिंदुस्थानाला ठाऊक असलेली नटी, आणि आमची शिळा! डायरेक्टरने मला छत्री धरायला सांगितले होते. दोन हजार माणसे जमली होती, पण मिस केतकी बोलली ती माझ्याशी. चार शब्द. ते इथे लिहीत नाही. मला पाठ आहेत.

आज पहाटे निश्चय झाला. त्या शिळेवर तिचे स्मारक करायचे. पाडव्याला अनावरण.

मी हे स्वतःच्या नावासाठी करतो आहे काय? दात घासताना विचारले. स्नान करताना पुन्हा विचारले. दोन्ही वेळा उत्तर आले, नाही.

दुसरा निश्चय : रोज लिहायचे, आणि रोज एक अप्रिय सत्य नोंदवायचे. त्याशिवाय रोजनिशीला अर्थ नाही.

आजचे अप्रिय सत्य : या गावात कलेची जाण असलेला एकच मनुष्य आहे.

९ जानेवारी, सोमवार.

सौ.ला सांगितले. तिने विचारले, ती बाई मेली काय? म्हटले, नाही, उत्तम आहे. तर म्हणाली, "मग जित्या माणसाचा दगड काहून बसवून राहिलात? अपशकुन नाही का तो?"

स्मारक म्हणजे केवळ मेलेल्यांचे नव्हे हे तिला अर्धा तास समजावले. तिने तेवढ्यात ज्वारी निवडून घेतली.

आजचे अप्रिय सत्य : सौ.शी कलेवर बोलणे व्यर्थ.

१३ जानेवारी, शुक्रवार. सुट्टी.

(मधले तीन दिवस लिहिले नाही. लिहिण्याचा विचार मात्र रोज केला.)

डोहावर जाऊन आलो. तांड्याचा नाईक नेमसिंग गुरे पाजत होता. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, शब्दाला पक्का. तांड्याची सगळी गुरे या डोहावर, आणि बाया घागरी टेकवतात त्या याच शिळेवर. मी म्हटले, नाईक, या शिळेचे भाग्य उजळणार. कल्पना सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "गुरांना तकलीफ न्हाई ना व्हनार?" म्हटले, मुळीच नाही. "मंग करा. दगडाचं काय जातंय."

पाथरवट हैदरलाही तिथेच बोलावले होते. जाती घडवतो, कबरींचे दगडही घडवतो. शिळेवरून हात फिरवून म्हणाला, दगड अव्वल आहे. मग विचारतो, "नाव सांगा. अन् कधी वारली?"

याच्याशीही अर्धा तास.

२० जानेवारी, शुक्रवार. रात्री.

महत्त्वाचा दिवस. तपशिलाने लिहितो.

सध्या दिवस बरे नाहीत. सत्याग्रहाची धामधूम आहे. इंग्रजी मुलखातून तुकड्या निजाम सरकारच्या हद्दीत शिरतात, त्यांत साताऱ्याकडचेही लोक असतात, असे बाजारात बोलतात. चार माणसे जमवायची तर परवानगी लागते. म्हणून तालुक्याच्या कचेरीला रीतसर अर्ज करायचा ठरवले. अर्ज उर्दूतच हवा. आनंदच आहे. कॉलेजात उर्दूत मी दुसरा आलो होतो. पहिला आलेला लखनौचा होता, त्यामुळे तो हिशेबात धरायचा नाही.

पण आधी सदसद्विवेकाचा प्रश्न. अर्जदार म्हणून माझे नाव घालावे काय? तसे केले तर हा खटाटोप नावासाठी चालला आहे असे कोणी म्हणेल. शिवाय सरकारी हेडमास्तराने असा अर्ज करावा की नाही, हाही मुद्दा आहे. पण तो गौण. खूप विचार करून नाव मागे ठेवले. अर्जदार : नेमसिंग नाईक. दुपारी त्याचा अंगठा घेतला. वाचून दाखवू का म्हटले, तर म्हणाला, "मास्तरनं लिवलं मंजे बराबरच असंल."

अर्जाची भाषा निर्दोष साधली आहे. 'फिल्म' हा इंग्रजी शब्द शुद्ध उर्दूत शोभत नाही, तो वगळला. परक्या स्त्रीचे नाव नाईकाच्या अंगठ्याशेजारी येणे बरे दिसत नाही, तेही वगळले. नुसते 'सितारा' लिहिले. 'नदी के किनारे सितारे की यादगार क़ायम करने की इजाज़त दी जाए.' पुढे थोडे अलंकार.

संध्याकाळी जलालुद्दीनकडे गेलो. हा आमच्याच गावचा, बालपणापासूनचा ओळखीचा. तालुक्याला कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो, बाविसावे वर्ष. गुरुवारी संध्याकाळी घरी येतो, शनिवारी पहाटे जातो. त्याला मी अर्ज दाखवला तो तपासायला नव्हे. चांगले अक्षर पाहून त्याला आनंद व्हावा, इतकाच हेतू.

त्याने डोळ्यांजवळ धरून वाचला. म्हणाला, "वा मास्तर. फक्त सीनखाली जेर मारा."

उर्दूत 'स'ला सीन म्हणतात, आणि त्याच्याखाली तिरपी रेघ दिली की ती र्‍हस्व 'इ' होते. ती रेघ म्हणजे जेर. लहान मुलांच्या पुस्तकात या खुणा असतात. शिकलेला माणूस त्या घालत नाही आणि शिकलेल्या वाचणाराला त्या लागत नाहीत. हे मी त्याला हसत सांगितले. तो म्हणाला, "वाचणारा कोण हाय ते मला ठाव हाय. लहानशी रेघ हाय मास्तर, तकलीफ काय?"

मी म्हटले, जलालमियाँ, बी.ए.च्या कागदावर जेर म्हणजे धोतरावर लंगोट.

तो हसला नाही.

आजचे अप्रिय सत्य : बावीस वर्षे अर्ज लिहूनही माणसाची भाषा अर्जाएवढीच राहते.

२१ जानेवारी.

अर्ज रवाना. टपालाने. जलालुद्दीनबरोबर पाठवला असता, पण त्याने वाटेत रेघ मारली असती.

२ फेब्रुवारी, गुरुवार.

कचेरीचे उत्तर नाही. मात्र उशीर म्हणजे नकार नव्हे. उलट मोठ्या कामाला वेळ लागतोच.

हैदरला कामाला लावले. परवानगीआधी सुरू करणे योग्य आहे काय? विचार केला. अक्षरे कोरणे म्हणजे स्मारक उभारणे नव्हे, ती पूर्वतयारी. खडूने शिळेवर 'मिस केतकी' असे मोठ्या अक्षरांत काढून दिले. हैदरला बालबोध लिपी वाचता येत नाही, पण रेघ अचूक धरतो.

८ फेब्रुवारी, बुधवार.

आनंद! कचेरी जागी झाली. ठाण्याचे दोन जवान मधल्या सुट्टीत शाळेत आले. नदीकाठच्या यादगारीची चौकशी करून राहिले होते. त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला. काम कोणाचे, असे विचारले. मी म्हटले, अर्ज नेमसिंग नाईकाचा आहे, सगळे श्रेय त्याचे. नम्रता सोडली नाही.

मग त्यांनी विचारले, गावात साताऱ्याशी कोणाचा संबंध आहे काय? प्रश्न विषयाला सोडून होता. पण खोटे कशाला बोला? म्हटले, माझ्या आईची मावसबहीण तिकडे दिली होती. त्यांनी ते लिहून घेतले. काय कसून तपासतात! स्मारकाला सरकार इतके महत्त्व देते हे पाहून मन भरून आले.

९ फेब्रुवारी.

नेमसिंगला ठाण्यात नेले. पहाटे. हातात दोरी होती असे सौ. म्हणते. तिचा ऐकण्यात गोंधळ झाला असावा. जबानीसाठी नेले असेल.

हैदर पळून आला. शिळेजवळ जवान बसवला आहे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.

आज वही उघडू नये असे वाटले. तरी लिहितो.

जलालुद्दीन सकाळीच आला. बसला नाही. दारातूनच म्हणाला, "मास्तर, अमीनसाहेबांनी सतारे की यादगार वाचलं."

अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. मला आधी कळेचना. मग कळले. उर्दूत साताऱ्याला सतारा लिहितात. जेर नसली तर सितारा आणि सतारा ही अक्षरे एकच. रेघ आहे की नाही, एवढाच फरक.

मी म्हटले, पण संदर्भ? सुशिक्षित वाचकाला संदर्भावरून कळत नाही? तो म्हणाला, "संदर्भच तर बराबर बसून राहिला. तुमीच वाचा." आणि गेला.

माझ्याजवळ नक्कल होती. तिच्यात 'सितारा'च्या जागी 'सतारा' धरून वाचले.

नदीकाठी साताऱ्याची यादगार कायम करण्याची इजाजत द्यावी. सातारा ज्या दिवशी इथे उतरला तो दिवस या इलाख्याच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाईल. पाडव्याच्या दिवशी गावोगावचे लोक जमतील आणि त्याचे नाव घेतील. साताऱ्याच्या पायाची धूळ या शिळेवर एकदा पडली आहे. पुन्हा पडेल अशी आम्हाला उमेद आहे.

दोनदा वाचले. शैली मात्र कुठे सैल नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार.

निश्चय झाला. स्वतः तालुक्याला जाणार. अमीनसाहेबांसमोर उभा राहून सांगणार, अर्ज मी लिहिला, 'सितारा' वाचा, नाईकाला सोडा. पाच मिनिटांचे काम. सोमवारी पहिल्या मोटारीने.

१३ फेब्रुवारी, सोमवार.

गेलो नाही. सेनगावच्या फाट्यापर्यंत छकड्याने जायचे, तिथे मोटार पकडायची. निघता निघता मनात आले, चौथीचा इतिहास मागे पडला आहे. एका माणसासाठी एकतीस मुलांचे नुकसान करणे न्याय्य काय? शुक्रवारी शाळेला सुट्टी, पण शुक्रवारी कचेरीही बंद. इतर दिवशी कचेरी उघडी, पण शाळाही उघडी. ही अडचण सरकारनेच निर्माण केलेली आहे, मी नव्हे.

शिवाय सूक्ष्म प्रश्न : मी धावत जाणे म्हणजे या प्रकरणात स्वतःला महत्त्व देणे तर नव्हे?

१५ फेब्रुवारी.

त्यापेक्षा लेखी खुलासा बरा. आज सुरू केला. उर्दू लिपीचा थोडा इतिहास देऊन मग मुद्द्यावर यायचे ठरवले आहे. चार पाने झाली. मुद्दा अजून यायचा आहे.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार.

नेमसिंगचा धाकटा भाऊ भावसिंग आला. ओट्यावर बसायला सांगितले तरी उभाच राहिला. तांड्यात काय चालले आहे ते सांगितले. शिळेपाशी जवान बसल्यामुळे डोहावर गुरे जाऊ देत नाहीत. दोन कोस वर न्यावी लागतात. बाया पहाटेच निघतात. एक गाभण गाय वाटेतच बसली, ती उठलीच नाही.

मी म्हटले, खुलासा लिहून राहिलो आहे, आठ पाने झाली आहेत.

तो म्हणाला, "मास्तर, अंगठा दादाचा, अक्षर तुमचं. अंगठा ठाण्यात बसून राहिला अन् अक्षर हितं गादीवर."

अशिक्षित माणसाला राग आवरत नाही, हे मी समजू शकतो. त्याला शांत करावे म्हणून या सगळ्यामागचा हेतू सांगू लागलो. मिस केतकीला या गावाबद्दल काय वाटले, ती माझ्याशी कशी बोलली. तर तो एकदम हसला. चांगले हसणे नव्हते. म्हणाला, "आमी तितंच व्हतो की मास्तर, गुरं धरून. काय म्हनली ती तुमाला? 'मास्तर, सरका, सावली पडते.' हेच ना? त्याच्यापायी दगड?"

सौ. दाराआड होती.

हे शब्द मी कधी नाकारले नव्हते. मी म्हटलेच होते, चार शब्द आहेत. चारच आहेत. पण ते ज्या सुरात म्हटले गेले तो सूर भावसिंगला कळणे शक्य नाही.

त्याच दिवशी, नंतर.

जलालुद्दीन गावात आहे. मशिदीवरून येताना दिसला. मी पुस्तक वाचत असल्यासारखे केले. त्याने ओट्याकडे पाहिले, थोडा थांबला, गेला. मला काही सांगायचे असते तर तो वर आला असता.

२० फेब्रुवारी, सोमवार.

खुलासा पूर्ण. अकरा पाने. पुन्हा वाचताना ध्यानात आले की 'अर्ज मी लिहिला' हे वाक्य त्यात कुठेच आलेले नाही. नजरचूक. ते कोणत्या पानावर घालावे याचा विचार करतो आहे. पहिल्या पानावर घातले तर उद्धट वाटेल. शेवटी घातले तर लपवल्यासारखे.

सौ. म्हणाली, "अकरा पानं काहून? एक रेघ ओढायची होती ना?"

आजचे अप्रिय सत्य : नंतर लिहितो.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार.

जलालुद्दीन या खेपेला वर आला. पाणी प्याला. मग म्हणाला, नेमसिंगला आता जिल्ह्याला पाठवणार आहेत. अमीनसाहेब म्हणतात, तांड्याचा माणूस, साताऱ्याच्या टोळ्यांना वाट दाखवत असेल. सोमवारी कागद जाणार. एकदा जिल्ह्याला गेला की मग वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा.

म्हणाला, "लेकरागत बसून राहिला तो, मास्तर. मला म्हनतो, जलालभाई, मास्तरनं लिवलं तर बराबरच असंल, साहेबांचीच वाचायला चूक झाली असंल."

मी म्हटले, मी सोमवारी येतो.

"या," तो म्हणाला. "सीन तर तुमी लई सुंदर लिवला व्हता."

२६ फेब्रुवारी, रविवार.

उद्या जायचे. रजेचा अर्ज लिहिला. कारण : पोटदुखी. खोटे नको म्हणून तपासून पाहिले. पोट खरोखर दुखते आहे.

काय बोलायचे ते पाठ केले. 'साहेब, हा अर्ज माझ्या हातचा आहे. जेर मी घातली नाही.' दोन वाक्ये. आरशासमोर म्हटली. दुसरे वाक्य प्रत्येक वेळी लांबत गेले. 'साहेब, हा अर्ज माझ्या हातचा आहे, आणि जेर ही खूण उच्च लेखनात सामान्यतः...' इथे सौ. आत आली.

२७ फेब्रुवारी, सोमवार. रात्री उशिरा.

जे झाले ते क्रमाने लिहितो. काही वगळणार नाही.

मोटार उशिरा आली. वाटेत टायर पंक्चर. ठाण्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. व्हरांड्यात गेलो. दार अर्धे उघडे. आत अमीनसाहेब टेबलाशी, पुढे माझा अर्ज. माझे अक्षर मला लांबून ओळखू आले. भिंतीशी नेमसिंग उकिडवा बसलेला. मिशा खाली आल्या होत्या. आणि टेबलासमोर, हात बांधून, जलालुद्दीन.

तो म्हणत होता, "हुजूर, ये मेरी तहरीर है. जेर लगाना भूल गया. लफ़्ज़ सितारा है. दो साल पहले फ़िल्म वाले आए थे, सारा इलाक़ा जानता है. ये बेचारा अँगूठे का गुनहगार है."

अमीनसाहेब म्हणाले, तुझे अक्षर असे नाही. तो म्हणाला, डोळे आता साथ देत नाहीत, अक्षरे लांब काढतो, म्हणून बदलले. अमीनसाहेब म्हणाले, बावीस वर्षं अर्ज लिहितोस आणि जेर विसरलास? तो म्हणाला, "विसरलो, हुजूर."

माझा हात दारावर होता. दोन वाक्ये पाठ होती. खिशात अकरा पाने होती. मी स्वतःला विचारले, जबानी चालू असताना मध्येच बोलणे शिष्टाचाराला धरून आहे काय? विचारले आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. उत्तर आले तेव्हा आत दौतीत टाक बुडाला होता. अमीनसाहेबांनी टाक जलालुद्दीनच्या हातात दिला. त्याने वाकून सीनखाली रेघ मारली. बाजूला सही केली.

मग हुकूम झाला. नेमसिंगला सोडा. नदीवरचा जवान उठवा. यादगार नामंजूर. आणि जलालुद्दीनने दुसरा हुकूम होईपर्यंत कचेरीसमोर बसायचे नाही.

नेमसिंग उठला. गुडघे धरले होते, भिंतीला हात लावत आला. दारात मी. त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. दारात कोणी उभे असले की आपण पाहतो, तसे.

"मास्तर, सरका," म्हणाला.

मी सरकलो.

२८ फेब्रुवारी, मंगळवार.

नाईक सुटला. म्हणजे शेवट चांगला झाला असे म्हणता येईल. असे एकदा म्हणून पाहिले.

शाळेत पोतदार मास्तर सांगत होते, जलालुद्दीनला आता जेरसुद्धा सुचत नाही, म्हातारा झाला. "अर्ज तुमच्याकडून लिहून घ्यायला पाहिजे होता," असे म्हणाले. मी म्हटले, तसे काही नाही.

दुपारी पाटलाचा माणूस शेताच्या कागदासाठी आला. आता अर्ज मास्तरच लिहिणार, असे गावात ठरले आहे म्हणे. त्याला उद्या ये म्हटले.

१ मार्च.

त्याला परवा ये म्हटले.

३ मार्च १९३९, शुक्रवार. सुट्टी.

या वहीतली दोन वर्षांपूर्वीची शेवटची नोंद याच तारखेची. तेव्हा काय लिहिले होते ते पाहिले : 'काल आयुष्याचे सार्थक झाले.'

डोहावर गेलो. गुरे पाणी पीत होती. तांड्याच्या बाया शिळेवर घागरी टेकवत होत्या. हैदर पळाला त्या दिवशी दोनच अक्षरे झाली होती. मोठी अक्षरे आधी, मात्रा-वेलांट्या मागून, ही त्याची कामाची रीत. म्हणून शिळेवर 'मस' एवढेच आहे. पहिली वेलांटी इथेही राहिली.

भावसिंग म्हशी घेऊन आला. मीच विचारले, हे कोणी वाचले काय. म्हणाला, "वाचलं की. शाळंतली पोरं वाचून गेली. म्हसीचा दगड म्हनून राहिले समदे." आणि त्याच्या म्हशीने अक्षरांवर मान घासली.

नेमसिंग पलीकडे बसून होता. त्याला हाक मारायचे ठरवले होते. मारली नाही. सूर्य मागे होता आणि माझी सावली त्याच्यापर्यंत पोचत होती. मी बाजूला झालो, मग घरी आलो.

येताना जलालुद्दीनच्या घरावरून आलो. तो ओट्यावर बसून टाक पुसत होता. समोर कागद नव्हता. नुसताच पुसत होता. त्याची बायको अमिनाबी आतून म्हणाली, "मास्तर आले, त्यांना पाणी तरी विचारा." त्याने विचारले. मी पाणी प्यालो. म्हटले, जलालमियाँ, तू असे काहून केलेस? तो म्हणाला, "तीन शुक्रवार वाट पाह्यली, मास्तर. चौथ्या शुक्रवारी तो जिल्ह्याला असता."

एवढेच. तक्रारीचा सूर नव्हता. तक्रार केली असती तर मला खुलासा करता आला असता.

आजचे अप्रिय सत्य : अर्ज मी लिहिला. जेर मी घातली नाही. दार अर्धे उघडे होते.

जेवणानंतर नवा अर्ज लिहिला. अर्जदार म्हणून माझेच नाव, हुद्द्यासकट. अकरा पाने चुलीत गेली, सौ.ने दूध तापवून घेतले. हा अर्ज सात ओळींचा आहे. २० जानेवारीचा कागद माझ्या हातचा, जलालुद्दीनने खोटे माझ्यासाठी सांगितले, त्याला लिंबाखाली बसू द्यावे, माझे जे व्हायचे ते व्हावे. अलंकार नाहीत.

वाचून पाहिला. बरा वाटला. पुन्हा वाचला तेव्हा तिसऱ्या ओळीत एका शब्दाशी अडलो. तो कचेरीत कसा वाचतील हे मला सांगता येईना. मग पाचव्या ओळीत दुसरा. या कागदातून आणखी कोणाला दोरी लागू नये. या गावात हे ओळखणारा एकच मनुष्य आहे, आणि आता तो शनिवारीही घरीच असतो.

उद्या : शाळेआधी जलालुद्दीनकडे जाऊन अर्जात लागतील तिथे जेर घालून घेणे.